गोळी तीच, मग पिस्तुलाला वेगळा न्याय का?

प्रति,
मा. केंद्रीय गृहमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय,

सप्रेम नमस्कार.

शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ३ मधलं तिसरं पोटकलम आपल्या खात्याला तोंडपाठ असेल. एका माणसाने किती बंदुका बाळगाव्यात याची मर्यादा दुसऱ्या पोटकलमात आहे आणि तिसऱ्यात त्या मर्यादेतून सूट आहे. केंद्र सरकारने परवाना किंवा मान्यता दिलेल्या रायफल क्लबचा सभासद नेमबाजीच्या सरावासाठी पॉइंट टू टू बोअरची (म्हणजे ०.२२ इंच व्यासाच्या नळीची) रायफल किंवा एअर रायफल वापरत असेल, तर त्याला ही मर्यादा लागू नाही. पिस्तुलाचं नाव तिथे नाही. हे सगळं पत्र त्या गाळलेल्या नावाबद्दल आहे.

मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका रायफल क्लबमध्ये पिस्तूल शिकवतो. आमच्याकडे मुलं-मुली दहा मीटर एअर पिस्तुलावर सुरुवात करतात. ठरावीक ताकदीच्या आतलं ४.५ मिलिमीटरचं एअर पिस्तूल घ्यायला परवाना लागत नाही, त्यामुळे तिथवर गाडी सुरळीत चालते. पुढची पायरी पंचवीस मीटरची, आणि तिथे पॉइंट टू टूचं पिस्तूल लागतं. अडतं ते तिथेच.

या पिस्तुलात जी गोळी जाते ती मुळात रायफलची. पॉइंट टू टू लाँग रायफल हेच तिचं नाव. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिसला २०२४ मध्ये पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक जिंकलं ते याच जातीच्या गोळीवर, आणि कोल्हापूरच्याच राही सरनोबत यांनी २०१८ च्या जकार्ता-पालेम्बांग आशियाई स्पर्धेत पंचवीस मीटर पिस्तुलात सुवर्ण घेतलं तेही याच जातीच्या गोळीवर. फरक नळीच्या लांबीचा आणि शस्त्र धरण्याच्या पद्धतीचा. कायद्याने मात्र एकाला सूट दिली आणि दुसऱ्याला रिव्हॉल्व्हरवाल्यांच्या रांगेत उभं केलं.

इथे एक खुलासा केलेला बरा. रायफलच्या गोळीचं पिस्तूल म्हटलं की इंटरनेटवर वाचणाऱ्यांना अमेरिका आठवते. तिथे लष्करी धाटणीच्या रायफली सोळा इंचांपेक्षा आखूड नळीच्या करून, मागे दस्त्याऐवजी हाताला बांधायचा पट्टा लावून, 'पिस्तूल' म्हणून विकल्या जातात. आखूड नळीच्या रायफलीला १९३४ च्या कायद्याप्रमाणे नोंदणी लागते, पिस्तुलाला लागत नाही, म्हणून हा खटाटोप. तिथल्या सरकारने २०२३ मध्ये त्यावर नियम काढला आणि २०२४ मध्ये टेक्सासमधल्या संघीय न्यायालयाने तो रद्द ठरवला. तो घोळ त्यांना लखलाभ. मी मागतोय ते ऑलिंपिकमधलं पिस्तूल: पाच गोळ्यांचं मॅगझिन, दाबायला किमान एक किलोचा जोर लागणारा ट्रिगर, तीस बाय पंधरा बाय पाच सेंटिमीटरच्या पेटीत बसलंच पाहिजे असं माप. कमरेला खोचून कुणी हिंडेल असं ते शस्त्रच नव्हे.

ही सूट कायद्यात आली १९८३ च्या दुरुस्तीने. तेव्हा पिस्तुलाचं नाव का राहिलं असावं, याचा मला अंदाज आहे. आपल्याकडची नेमबाजी म्हणजे तोवर मुख्यतः रायफल आणि शॉटगन. नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजे आपली नेमबाजीची राष्ट्रीय संघटना, १९५१ ची. पहिल्या लोकसभेचे सभापती ग. वा. मावळंकर हे तिचे पहिले अध्यक्ष, आणि त्यांच्या नावाची स्पर्धा आजही राष्ट्रीय स्पर्धेकडे जाण्याचा रस्ता आहे. महिलांचं पंचवीस मीटर पिस्तूल ऑलिंपिकमध्ये आलं १९८४ मध्ये, लॉस एंजेलिसला. दुरुस्ती लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर ते नसावं, त्यांना मी दोष देणार नाही. पण २०१९ मध्ये हाच कायदा आपल्या सरकारने उघडला. मर्यादा तीनवरून एकवर आणण्याचं विधेयक आलं, चर्चेनंतर ती दोनवर थांबली, परवान्याची मुदत तीन वर्षांची पाच झाली, शिक्षा वाढल्या. तिसऱ्या पोटकलमातला एक शब्द मात्र कुणाला सुचला नाही.

त्यानंतर फेब्रुवारी २०२० मध्ये आपल्याच खात्याने नियमांत दुरुस्ती केली, आणि ती चांगली होती. आंतरराष्ट्रीय पदकविजेते आणि नामांकित नेमबाज यांच्यासाठी शस्त्रांची संख्या बारापर्यंत नेली, ज्युनिअर आणि होतकरू नेमबाजांनाही जादा शस्त्रांची मुभा दिली. सरावाच्या पॉइंट टू टू गोळ्यांची मर्यादा १००० वरून ५००० केली, आणि तिथे रायफल व पिस्तूल दोन्हींचा उल्लेख केला. म्हणजे नियमाने पिस्तुलाला ओळख दिली आहे, मूळ कायद्याने दिलेली नाही. दिल्लीत बसून हा विरोधाभास बारीक वाटेल. जिल्ह्याच्या ठिकाणी टेबलापलीकडे बसलेल्या कारकुनापुढे कायद्याचं जुनं पुस्तक असतं आणि आपण हातात अधिसूचनेची झेरॉक्स घेऊन उभे असतो. पुस्तक जिंकतं.

आमच्या एका मुलीच्या अर्जाचं काय झालं ते थोडक्यात सांगतो. कार्यालयाचं नाव सांगत नाही, कारण तिथली माणसं वाईट नव्हती, गोंधळलेली होती. पहिली शंका वयाची. कलम ९ मध्ये एकवीस वर्षं लिहिली आहेत आणि ती तेवढी नाही. मग नियमांतला 'ज्युनिअर टार्गेट शूटर' कोण, हे समजावण्यात एक फेरी गेली. दुसरी शंका 'सेमी-ऑटोमॅटिक' (एक गोळी सुटली की पुढची आपोआप भरणारं) या शब्दाची. किमतीच्या पत्रकावर तो छापलेला होता, आणि सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे बंदी असलेलं, असं एका साहेबांचं ठाम मत. पिस्तूल-रिव्हॉल्व्हर हा वर्ग त्या बंदीतून वेगळा काढलेला आहे, हे परिशिष्ट उघडून दाखवावं लागलं. तिसरी शंका सर्वांत प्रामाणिक होती: "मुलीच्या जातीला पिस्तूल कशाला? धोका कुणापासून आहे?" स्वसंरक्षणाचा परवाना आणि खेळाचा परवाना वेगळा असतो हे त्या गृहस्थांच्या गावीच नव्हतं. त्यांच्या नोकरीच्या काळात खेळाच्या पिस्तुलाचा अर्ज बहुधा पहिल्यांदाच आला असावा. पोलीस पडताळणीला आलेल्या हवालदारांनी तर शेजाऱ्यांना विचारलं, हिच्या घरात कुणाशी वैर आहे का.

परवाना मिळाला, तर पिस्तूल कुठून आणायचं? ऐंशीच्या दशकापासून सामान्य परवानाधारकाला परदेशी शस्त्र आयात करता येत नाही. खेळासाठी वाट उघडी आहे, पण ती असोसिएशनच्या दारातून किंवा 'नामांकित' ठरलेल्या नेमबाजांसाठी. नामांकित व्हायचं तर मोठ्या स्पर्धेत ठरावीक गुण हवेत, गुणांसाठी रोजचा सराव हवा आणि सरावासाठी पिस्तूल हवं. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, अशी ही गत. आपल्याकडे सरकारी कारखाने रिव्हॉल्व्हर बनवतात, पॉइंट थ्री टूचं 'अशनी' पिस्तूल बनवतात, महिलांच्या पर्ससाठी म्हणून 'निर्भीक' काढलं. पंचवीस मीटरवर आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरेल असं पॉइंट टू टूचं पिस्तूल रेंजवर पाहावं तर ते इटलीचं पार्डिनी, स्वित्झर्लंडचं मोरिनी, नाहीतर जर्मनीचं वॉल्थर. मग खेळ सोडणारा कुणी जुना नेमबाज शोधायचा, त्याच्या परवान्यावरून आपल्या परवान्यावर शस्त्र चढवायचं, त्यावरही अटी, आणि राज्य बदललं की आणखी कागद. तोवर परवान्यावर शस्त्र घेण्याची जी मुदत लिहिलेली असते ती संपत येते.

क्लबचं पिस्तूल वापरा, असं सुचवणारे भेटतात. रायफलचा दस्ता स्क्रू फिरवून मागेपुढे करता येतो, उंचसखल करता येतो. पिस्तुलाची लाकडी मूठ तशी बदलत नाही. ती हाताच्या मापाने लिंपावी आणि घासावी लागते. अंगठ्याखाली पुटी भरायची, पॉलिश पेपर मारायचा, पुन्हा धरून पाहायचं. डावखुऱ्याची मूठच वेगळी. एका मुठीवर सहा मुलं आलटून पालटून सराव करतात तेव्हा कुणाच्याच हातात ते पिस्तूल बसलेलं नसतं. शिवाय हातातला फरक थेट गुणांत दिसतो, कारण पंचवीस मीटरच्या दुसऱ्या टप्प्यात हात खाली पंचेचाळीस अंशांवर धरून उभं राहायचं, लक्ष्य तीन सेकंदांसाठी खुलं होतं, तेवढ्यात हात वर, नेम आणि गोळी. मग सात सेकंद थांबायचं. हे पाच वेळा. मूठ दर वेळी हातात तशीच आली नाही तर त्या तीन सेकंदांत ती सुधारायला वेळ नसतो.

गोळ्यांची कथा याहून कडू आहे. ५००० हा आकडा मोठा वाटतो. रोज शंभर गोळ्यांचा सराव धरला, आणि हा काही फार नव्हे, तर त्या पन्नास दिवसांत संपतात. आणि त्या मिळाल्या तर. चांगल्या दर्जाच्या मॅच गोळ्या इंग्लंडच्या इली, जर्मनीच्या आरडब्ल्यूएस आणि एसके अशा मोजक्या ठिकाणांहून येतात. करोनाच्या काळात जगभर गोळ्यांचा तुटवडा झाला तेव्हा आमच्याकडे मुलं महिनोन्‌महिने कोरा सराव करत होती, म्हणजे रिकाम्या पिस्तुलाने भिंतीवर नेम. स्वस्त गोळीवर भागवा म्हणावं, तर पिस्तूल गोळीच्याच जोरावर पुढची गोळी आत ओढतं. जोर कमी-जास्त झाला की रिकामं काडतूस नळीपाशी अडकतं, पिस्तूल जॅम होतं आणि मालिका हातची जाते.

यात मला सर्वांत खटकतं ते पुणं. दारूगोळ्याचा कारखाना खडकीत १८६९ पासून आहे. २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या झाल्या, त्यांतल्या म्युनिशन्स इंडियाचं मुख्यालयही पुण्यातच. खडकीपासून काही किलोमीटरवर बालेवाडीची रेंज आहे, जिथे राज्यभरातून आलेली मुलं परदेशी गोळ्या एकेक मोजून वापरतात. तोफगोळे बनवणाऱ्यांना मॅच दर्जाची पॉइंट टू टू जमणार नाही, हे मी मानत नाही. मागणी थोडी आहे म्हणून ती कुणी हाती घेत नसेल, तर देशभरातल्या क्लबांची एकत्र मागणी नोंदवून घेणं संरक्षण खात्याला अवघड नाही. आपण ते त्यांच्याशी बोलावं.

परवाने सैल करा असं माझं म्हणणं नाही. उलट लग्नाच्या वरातीत हवेत गोळ्या झाडणाऱ्यांवर २०१९ मध्ये शिक्षा आणली ते योग्यच झालं. आमच्या रेंजवर पिस्तूल पेटीतून निघतं, रेंजवरच लोड होतं आणि नळीत सुरक्षा-दोरी (नळी रिकामी असल्याची खूण) घालूनच पेटीत परत जातं. क्लबच्या वहीत गोळ्यांचा हिशेब असतो, ती वही कधीही मागवा. निवडणुकीच्या काळात शस्त्रं जमा करण्याचे आदेश निघतात तेव्हाही आमची तक्रार नसते. स्पर्धेत उतरणाऱ्या नेमबाजांना त्यातून वगळण्याची सूचना असते, ती ठाण्यापर्यंत पोचावी इतकंच.

आपल्याकडून हवंय ते फार नाही. कलम ३(३) मध्ये 'पॉइंट टू टू बोअरची रायफल' याच्यापुढे त्याच बोअरचं, आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या मापातलं पिस्तूल जोडायला दुरुस्ती विधेयक लागेल, ते कळतं. पण परिपत्रकाला संसद लागत नाही. ज्युनिअर नेमबाजाचं वय, सेमी-ऑटोमॅटिक क्रीडा पिस्तुलाचा वर्ग, खेळाच्या परवान्याला धोक्याचा पुरावा लागत नाही ही गोष्ट, आणि २०२० च्या दुरुस्तीतले आकडे, एवढं एका पानावर हिंदी, इंग्रजी आणि राज्याच्या भाषेत छापून सर्व जिल्हाधिकारी आणि पोलीस आयुक्त कार्यालयांना पाठवावं. आणि आयातीचा अर्ज दिल्लीत पडून असेल तितके दिवस परवान्यावरच्या खरेदीच्या मुदतीत धरू नयेत, एवढं त्याच पानावर खाली लिहावं. मावळंकर स्पर्धेचे अर्ज सुरू होण्याआधी ते पान जिल्ह्यात पोचलं, तर यंदाच्या मुलांना त्याचा उपयोग होईल.

आपला नम्र,
पश्चिम महाराष्ट्रातल्या एका रायफल क्लबचा पिस्तूल प्रशिक्षक