शेवटच्या इंजेक्शनच्या वेळी खोलीत थांबा

महोदय,

घरातल्या म्हाताऱ्या कुत्र्याला दयामरणाच्या इंजेक्शनसाठी डॉक्टरांच्या हवाली करून, ‘आम्हाला नाही बघवणार’ म्हणत बाहेर थांबणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांना बोल लावायचा नाही. पण जन्मभर ज्याला आपल्याच हाताची सवय, त्याने जाताना परक्या टेबलावर, परक्या हातांत असावं हे काही पटत नाही. म्हणून हे पत्र.

आमच्या मोतीला नुकताच निरोप दिला. शेवटी शेवटी तो दाराच्या बिजागरीकडे तोंड करून उभा राही, दार त्याच बाजूने उघडणार म्हणून. कोपऱ्यात शिरला की मागे कसं सरकायचं हेच सुचत नसे. म्हाताऱ्या कुत्र्यांनाही स्मृतिभ्रंश होतो, हे पुष्कळांच्या गावीही नसतं. ‘हट्टी झालाय’ म्हणून बिचाऱ्याला उगाच ओरडा बसतो. दुखणं तर तो अंगावरच काढतो. केकाटत नाही म्हणजे दुखत नाही, असं मुळीच नाही. रात्री विनाकारण धापा टाकणं, सारखी जागा बदलणं, एकच सांधा चाटत राहणं, यातून ते कळतं. (तेव्हा कळवळून आपली पॅरासिटामोल किंवा आयबुप्रोफेन त्याला देऊ नका, विषबाधा होते.)

वेळ आली हे ठरवायचं कसं? अ‍ॅलिस व्हिलालोबोस या अमेरिकी पशुवैद्यांनी त्यासाठी एक मोजपट्टी केली आहे. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा ७ बाबींना प्रत्येकी ० ते १० गुण द्यायचे. बेरीज ३५च्या वर असेल तर सांभाळत राहायला हरकत नाही, असं ढोबळमानाने धरतात. आम्ही घरातल्या सगळ्यांनी वेगवेगळे गुण दिले. त्याचं हगणं-मुतणं काढणाऱ्या माणसाचे गुण सर्वांत कमी भरले, आणि संध्याकाळी येऊन डोक्यावर हात फिरवणाऱ्याचे सर्वांत जास्त! असं झालं तर पहिल्याचं ऐकावं, असं माझं मत.

प्रत्यक्षात काय होतं, ते कुणी नीट सांगत नाही. बहुतेक वेळा आधी गुंगीचं औषध देतात. तो पेंगला की शिरेतून पेंटोबार्बिटाल. हे भुलीच्याच जातीचं औषध, मात्रा मात्र कितीतरी जास्त. शुद्ध आधी जाते. श्वास आणि हृदय त्यानंतर थांबतं. सगळं काही मिनिटांत आटोपतं. डोळे मात्र उघडेच राहतात. नंतर एखादा मोठा उसासा येऊ शकतो, पाय थरथरतात, लघवी होते. आधी माहीत नसेल तर ‘अजून जिवंत होता की काय’ हा किडा डोक्यात शिरतो आणि निघता निघत नाही. डॉक्टरांनी हे चार शब्दांत आधीच सांगितलं तर खोलीत थांबायला धीर येईल. आम्हाला सांगितलं होतं, म्हणून मोतीचा कान शेवटपर्यंत माझ्या बोटांत होता.

आणखी एक. हे औषध देहात टिकून राहतं आणि तो देह उकरून खाणारे पक्षी, जनावरंही दगावतात. तेव्हा दहन करावं, नाहीतर खोल पुरावं. उघड्यावर टाकू नये.

दवाखान्यांना एकच विनंती आहे. या कामासाठी शक्यतो गर्दी नसलेली वेळ द्या, आणि पैशांचं, सह्यांचं सगळं आधी उरकून घ्या. रिकामा पट्टा हातात घेऊन बिलाच्या रांगेत उभं राहण्याची पाळी कुणावर येऊ नये.

आपली,
एक वाचक