अर्ज पाठवण्यापूर्वी

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

पोस्टडॉकची, म्हणजे पीएचडीनंतरच्या तात्पुरत्या संशोधनाची, मुदत संपत आली असून तू आता सहायक प्राध्यापकाच्या जागांसाठी अर्ज करणार आहेस, हे तुझ्या पत्रावरून कळले आणि फार आनंद झाला. मुलाखतीत काय विचारतात, असे तू विचारले आहेस. त्याआधी एका गोष्टीचा विचार व्हावा असे मला तुझी आई म्हणून आणि मटेरियल्स सायन्स, म्हणजे पदार्थांची रचना आणि गुणधर्म यांचे शास्त्र, शिकवण्यात आयुष्य घालवलेली प्राध्यापक म्हणूनही वाटते. स्वतःची प्रयोगशाळा मिळाल्यावर पुढची वीस-पंचवीस वर्षे तू कोणता प्रश्न धरून बसणार आहेस?

आपल्या विषयात काळ सावकाश चालतो. धातुशास्त्रज्ञ आल्फ्रेड विल्म यांना १९०६ च्या सुमारास असे आढळले की तांबे आणि मॅग्नेशियम मिसळलेले ॲल्युमिनियम तापवून एकदम थंड केले, तर ते नंतर नुसते ठेवल्यानेही काही दिवसांत कठीण होत जाते. असे का होते याचा तर्क मेरिका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९१९ मध्ये मांडला. मात्र मिश्रधातूच्या आत तांब्याचे अणू अतिसूक्ष्म थरांत गोळा होतात, याचा क्ष-किरणांनी मिळालेला पुरावा गिनिए आणि प्रेस्टन यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे १९३८ मध्ये दिला. म्हणजे निरीक्षणापासून पुराव्यापर्यंत तीसहून अधिक वर्षे गेली, आणि दरम्यान त्या मिश्रधातूची विमाने आकाशात उडतही होती. अशा विषयात दर दोन वर्षांनी गाजत असलेल्या पदार्थामागे धावणाऱ्याच्या नावावर शोधनिबंध पुष्कळ जमतात, पण कोणत्याही एका पदार्थाची खोल ओळख त्याला होत नाही.

भौतिकशास्त्रज्ञ मिल्ड्रेड ड्रेसेलहाउस यांचे उदाहरण मी माझ्या विद्यार्थ्यांना नेहमी देते. १९६० च्या दशकात बहुतेक भौतिकशास्त्रज्ञ अर्धवाहकांकडे (सेमीकंडक्टरांकडे) वळलेले असताना त्यांनी ग्राफाइटसारखा, म्हणजे कार्बनचेच एक रूप असलेला, अवघड आणि त्या वेळी फारसा कोणाला न रुचणारा पदार्थ निवडला. मुले लहान होती, स्पर्धा कमी असलेल्या क्षेत्रात एखादा दिवस घरी थांबावे लागले तरी बिघडत नाही, हेही त्या निवडीमागचे एक कारण त्या मोकळेपणाने सांगत. पुढे १९८५ मध्ये फुलरीन, १९९१ मध्ये कार्बन नॅनोट्यूब आणि २००४ मध्ये ग्राफीन या कार्बनच्याच नव्या रूपांमुळे साऱ्या जगाचे लक्ष कार्बनकडे वळले, तेव्हा त्या विषयाचा पाया त्यांच्याकडे कित्येक वर्षांपासून तयार होता. शास्त्रज्ञ जॉन गुडइनफ यांचेही तसेच. संगणकाच्या स्मृतीसाठी त्यांनी १९५० च्या दशकात चुंबकीय ऑक्साइडांचा अभ्यास केला; ऑक्साइडांची ती जाण १९८० मध्ये ऑक्सफर्डला लिथियम बॅटरीसाठी लिथियम कोबाल्ट ऑक्साइडचा धनाग्र (धन टोक) शोधताना कामी आली, आणि त्या कामासाठीचे नोबेल त्यांना २०१९ मध्ये, वयाच्या ९७ व्या वर्षी मिळाले. पुरस्कारासाठी हे सांगत नाही. एका पदार्थवर्गाची खोल ओळख कुठे उपयोगी पडेल हे आधी कळत नसते, एवढ्यासाठी सांगते.

अर्जासोबत द्यायच्या तुझ्या संशोधन-आराखड्यात पीएचडी आणि पोस्टडॉकच्या मार्गदर्शकांचेच काम पुढे ओढलेले दिसले, तर निवड समिती पहिला प्रश्न हाच विचारेल की यात तुझे स्वतःचे काय. त्यांच्याकडून शिकलेले तंत्र अवश्य ने, प्रश्न मात्र तुझा असू दे.

प्रयोगशाळेसाठी सुरुवातीला जे अनुदान मिळेल ते एकाच भव्य उपकरणात अडकवू नकोस, हे मी आग्रहाने सांगते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक विकत घेता येतो. त्याचा दरवर्षीचा देखभाल करार आणि तो नीट चालवणारा तंत्रज्ञ यांचा खर्च मात्र तो असेपर्यंत चालूच राहतो. असे यंत्र संस्थेच्या सामाईक केंद्रात वापरावे. स्वतःकडे चांगल्या भट्ट्या, अचूक वजनकाटा, नमुने कापण्या-घासण्याची आणि पॉलिशिंगची उत्तम सोय असावी, आणि जमल्यास क्ष-किरण विवर्तनाचे, म्हणजे क्ष-किरण पाडून अणूंची मांडणी ओळखण्याचे, यंत्रही. नमुना हाताने तयार करता करताच विद्यार्थ्याला पदार्थ कळू लागतो. पॉलिशिंगचे ओरखडे आणि खरी सूक्ष्मरचना (पदार्थाची आतली बारीक घडण) यांतला फरक ज्याला ओळखता येत नाही, त्याला सर्वांत महागडा सूक्ष्मदर्शक दिला तरी तो ओरखड्यांचेच सुंदर चित्र काढून आणील.

विद्यार्थी हा या पेशाचा गाभा आहे, आणि इथे मला थोडे अधिक लिहायचे आहे. ८ एप्रिल १९८२ रोजी पदार्थशास्त्रज्ञ डॅन शेख्टमन यांना वेगाने थंड केलेल्या ॲल्युमिनियम-मँगनीज मिश्रधातूच्या विवर्तनचित्रात, म्हणजे अणूंची मांडणी दाखवणाऱ्या ठिपक्यांच्या चित्रात, दशघाती सममिती दिसली: ते चित्र एका फेरीच्या दहाव्या भागाइतके फिरवले तरी तसेच दिसत होते. स्फटिकात अशी सममिती असू शकत नाही, असे तेव्हाचे प्रत्येक पाठ्यपुस्तक सांगत होते. त्यांनी ती आपल्या वहीत तीन प्रश्नचिन्हांसह नोंदवली, चित्रे पुन्हा पुन्हा तपासली, सहकाऱ्यांचा रोष आणि लायनस पॉलिंग यांच्यासारख्या रसायनशास्त्रातल्या दिग्गजाचा उघड विरोध सोसला. त्यांचा निबंध १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि स्फटिकाची व्याख्याच पुढे बदलावी लागली. आता अशी कल्पना कर की हे चित्र तुझ्या प्रयोगशाळेतल्या एखाद्या विद्यार्थ्याला दिसले आहे. तो ते तुला दाखवायला येईल, की नमुना खराब निघाला म्हणून गुपचूप फेकून देईल? हे तू त्याच्या आधीच्या, अगदी साध्या, फसलेल्या प्रयोगांचे कसे स्वागत केलेस यावर ठरेल. न जुळणारी आकडेवारी समोर ठेवणाऱ्याला ज्या गटात ओरडा बसतो, तिथे हळूहळू सगळेच जुळू लागते, आणि असे होऊ लागले की मार्गदर्शकाने सावध व्हायला हवे. भट्टीत तापमापक नेमका कुठे होता, नमुना किती वेळ ठेवला, कोणता प्रयोग का सोडून दिला, हे सारे वहीत येते आहे ना, हे तू स्वतः दर आठवड्याला पाहत जा.

पदोन्नती, उद्धरणांचे आकडे आणि समित्यांची कामे यांबद्दल तू विचारले नाहीस. ती कामे अंगावर आली की आपोआप शिकता येतात.

आराखड्याचा पहिला मसुदा मुलाखतीचे पत्र येण्याची वाट न पाहता मला पाठव. त्यात तुझा मुख्य प्रश्न पहिल्याच परिच्छेदात असावा, आणि तो प्रश्न सुटला नाही तर त्याच उपकरणांवर, त्याच विद्यार्थ्यांसह दुसरे काय करता येईल, हेही लिही. समितीने ते विचारले नाही तरी मी विचारणार आहे.

तुझी,
आई