रो-हाऊस क्र. 14 मागील खुराडे आणि उंदरांचा उपद्रव : अध्यक्षांना पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष,
आपली सहकारी गृहनिर्माण संस्था, जळगाव

विषय : रो-हाऊस क्र. 14 च्या मागील अंगणातील कोंबड्यांच्या खुराड्यामुळे वाढलेल्या उंदीर-घुशींच्या बंदोबस्ताबाबत.

संदर्भ : माझे यापूर्वीचे लेखी अर्ज व वार्षिक सर्वसाधारण सभेत मी केलेले तोंडी निवेदन.

महोदय,

स. न. वि. वि.

मागील अर्जांची पोच माझ्याकडे आहे, उत्तर एकाचेही नाही. सचिवांना फाटकापाशी गाठून विचारले की "बघतो ना आण्णा" एवढेच ऐकायला मिळते. म्हणून हे पत्र सविस्तर लिहीत आहे. येत्या मासिक सभेत ते पूर्ण वाचून दाखवावे आणि इतिवृत्तात त्याची नोंद घ्यावी, ही विनंती आधीच करून ठेवतो.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. माझा कोंबड्यांना विरोध नाही. मी यावल तालुक्यातल्या खेड्यात वाढलो, आमच्या ओट्यावर रोज संध्याकाळी डालग्याखाली कोंबड्या झाकल्या जायच्या. 14 नंबरचा कोंबडा पहाटे चारला आरवतो, त्याबद्दल मी कधी अक्षर काढले नाही. तक्रार 12 नंबरच्या ताईंची होती. 14 नंबरच्या भाऊंशी माझे भांडणही नाही. त्यांच्या मुलीच्या लग्नात मी पंगतीत वाढप केली आहे. भाऊ स्वभावाने चांगले आहेत, पण सांगितलेले ऐकून घेतात आणि करत काहीच नाहीत. समितीही तेच करते, म्हणून मला कागद हाती घ्यावा लागला.

प्रश्न खाद्याचा आहे. भाऊ मक्याच्या भरड्याची गोणी पत्र्याच्या शेडखाली उघड्या मातीवर ठेवतात. कोंबड्यांची परात रात्रभर भरलेली असते. कोंबडीला अंधारात नीट दिसत नाही. दिवस मावळला की ती दांडीवर चढून बसते आणि उजाडेपर्यंत दाणा टिपत नाही. म्हणजे संध्याकाळनंतर परातीत जे उरते ते सगळे उंदरांचे. मोठा उंदीर एका रात्रीत 20 ते 30 ग्रॅम धान्य खातो, आणि खातो त्याहून अधिक मूत-लेंड्यांनी नासवतो. मादी गाभण राहिल्यापासून साधारण तीन आठवड्यांत विते, एका वेळी सहा-आठ पिल्ले सहज होतात आणि ती पिल्ले दोन-तीन महिन्यांत स्वतः विण्याजोगी होतात. मी कृषी खात्यात नोकरी केली, गावोगाव उंदीर निर्मूलनाच्या मोहिमा राबवल्या. त्यामुळे हे ऐकीव सांगत नाही.

भाऊ म्हणतात, उंदीर मागच्या शेतातून येतात. येतात, मान्य आहे. दादर ज्वारी निघाली, गहू निघाला की शेतातला उंदीर घरांकडे वळतो, हे आपल्याकडे दरवर्षीचे आहे. पण पूर्वी तो येऊन पुढे जायचा, आता मुक्कामालाच राहिला आहे. खुराड्याच्या तळाशी कोबा नाही, खाली बिळे आहेत, आणि त्यांतले एक बीळ सामायिक भिंतीखालून माझ्या बाजूला निघते. माझ्या मागच्या ओट्याची फरशी एका कोपऱ्यात खचली ती घुशीने खालची माती उकरल्यामुळे. गवंड्याने दगड काढून दाखवला तेव्हा सचिवही तिथे उभे होते.

घरातले नुकसान सांगू लागलो तर पत्र पुरणार नाही. सौभाग्यवतींनी गच्चीवर खाट टाकून वाळवलेले बिबडे (ज्वारीचे पापड) एका रात्रीत कुरतडले. दादरची कोठी आम्ही पत्र्याची केली, तरी झाकणाभोवती दातांचे ओरखडे आहेत. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, ते झिजवायला त्याला काहीतरी कुरतडावेच लागते. मुलाच्या गाडीची वायर त्यातच गेली आणि गॅरेजचे बिल आम्ही भरले. दर उन्हाळ्यात आम्ही मागच्या अंगणात खाटा टाकून झोपतो. जळगावच्या उकाड्यात पत्र्याखालच्या वरच्या खोलीत झोपून दाखवावे म्हणजे समजेल. यंदा ते सुख गेले. रात्री खाटेखालून पळापळ सुरू असते आणि नातू दचकून उठतो. त्याच्या खेळण्यांच्या टोपलीत सूनबाईंना लेंड्या सापडल्या, त्या दिवसापासून घरात माझे बोलणे ऐकून घेण्याची कोणाची तयारी नाही. सगळे मलाच विचारतात की तुमच्या अर्जांचे काय झाले.

मागच्या पावसाळ्यात 11 नंबरच्या गटारात धामण निघाली. धामण बिनविषारी असते आणि उंदरांमागेच येते. पण ज्या वासाने धामण आली त्याच वासाने नाग येऊ शकतो, घोणसही येऊ शकते. सर्पमित्राने धामण पकडून नेली, सगळ्यांनी मोबाईलवर फोटो काढले आणि दुसऱ्या दिवशी विषय संपला. मी मात्र त्याच दिवशी अर्ज दिला होता. उंदराच्या मुताने ओल्या मातीत लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या आजाराचे जंतू राहतात आणि पायाच्या साध्या चिरेतून अंगात जातात. आता आखाजी (अक्षय्य तृतीया) तोंडावर आहे. लेकी माहेरी येतील, निंबाला झोके बांधले जातील, पोरेबाळे अनवाणी पळतील, आणि त्यानंतर लगेच पावसाळा. 1994 साली सुरतेला प्लेग झाला तेव्हा मी नवापूर भागात नोकरीला होतो. तापी लाईनच्या गाड्यांतून तोंडाला फडकी बांधून उतरणारी माणसे मी पाहिली आहेत. आपल्याकडे तसे होईल असे मी म्हणत नाही. पण उंदीर म्हणजे चेष्टेचा विषय नाही, एवढे समितीने समजून घ्यावे.

समितीने काहीच केले नाही असेही मी म्हणणार नाही. फवारणीवाल्याकडून गटारांच्या कडेला विषाच्या निळ्या वड्या टाकून घेतल्या. त्याचा खर्च सर्वांच्या मेंटेनन्समधून गेला आणि उपयोग शून्य झाला. कारण साधे आहे. उंदीर नव्या वस्तूला अनेक दिवस तोंड लावत नाही, संशयी जात आहे. शेजारी मक्याची गोणी उघडी असताना विष टाकणे म्हणजे पंगत वाढून ठेवायची आणि पाहुण्याने कडू काढा पिण्याची वाट पाहायची. ब्रोमाडिओलोन या उंदीरनाशकाच्या वड्या खाऊनही उंदीर लगेच मरत नाही, काही दिवस जातात. तोवर तो भिंतीच्या पोकळीत जाऊन मरतो आणि वास आमच्या स्वयंपाकघरात येतो. झिंक फॉस्फाईड हे दुसरे विष वापरायचे तर आधी दोन-तीन दिवस नुसते तेल लावलेले धान्य ठेवून चटक लावावी लागते आणि मग 96 भाग धान्य, 2 भाग तेल, 2 भाग औषध असे मिश्रण ठेवावे लागते. जे उंदीर वाचतात ते पुन्हा त्या आमिषाला शिवत नाहीत. आणि कोंबड्या मोकळ्या फिरतात तिथे हे विष अजिबात नको. कोंबडी विषारी दाणा टिपेल, अर्धमेला उंदीरही टोचेल. तीच कोंबडी अंडी घालते आणि ती अंडी कोणाकोणाच्या घरी जातात हे मी इथे लिहीत नाही. समितीतील मान्यवरांना ते माहीत आहे.

आता थोडे न्यायाबद्दल. दोन हिवाळ्यांपूर्वी आम्ही मागच्या अंगणात पऱ्हाट्या (कपाशीची वाळलेली झाडे) पेटवून भरिताची वांगी भाजली. खान्देशात हिवाळ्यात भरीत पऱ्हाट्यांवर भाजायचे नाही तर कशावर? तरी धुराची तक्रार आली म्हणून मला लगोलग लेखी नोटीस मिळाली, शिक्क्यासह. मी मुकाट्याने मानली. नंतर उंदरांची तक्रार केली तर मलाच सांगण्यात आले की तुमच्या पऱ्हाट्यांच्या भाऱ्यात उंदीर लपतात. मी तो भारा त्याच आठवड्यात हलवला. उंदीर हलले नाहीत. मग सांगण्यात आले की आण्णा सकाळी चिमण्यांना बाजरी टाकतात. मूठभर बाजरी चिमण्या आणि साळुंक्या तासाभरात संपवतात, तिची रात्रभर भरलेल्या परातीशी बरोबरी करू नये. वार्षिक सभेत तर माझ्या प्रश्नाला उत्तर म्हणून माझी थकबाकी वाचून दाखवली. ती रक्कम गटार दुरुस्तीच्या जादा वर्गणीची आहे, तिच्याबद्दल माझा लेखी आक्षेप आहे आणि तिचा उंदरांशी काहीही संबंध नाही. उलट गटाराची झाकणे बसवली असती तर माझी वर्गणी सर्वांत आधी जमा झाली असती.

आपल्या उपविधीत स्पष्ट आहे की कोणत्याही सभासदाने इतर सभासदांना उपद्रव, त्रास वा गैरसोय होईल असे काही करू नये, आणि असे घडत असेल तर समितीने स्वतः होऊन किंवा तक्रारीवरून ते थांबवण्यासाठी पावले उचलावीत. धुराच्या वेळी समितीला हा नियम लगेच सापडला होता. आता तोच नियम 14 नंबरला लावावा. 11, 12 आणि 15 नंबरच्या घरांचेही हेच म्हणणे आहे. 15 नंबरच्या वहिनींनी तर सौभाग्यवतींना सांगितले की आम्हालाही रात्री झोप नाही. लिहून द्यायला कोणी पुढे येत नाही, कारण भाऊ सगळ्यांच्या अडीअडचणीला धावतात आणि वाईटपणा कोणाला नको आहे. तो मी घेतला आहे.

माझे मागणे फार मोठे नाही. भाऊंनी भरडा घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या कोठीत ठेवावा आणि दिवस मावळायच्या आधी परात उचलून सांडलेले दाणे झाडून घ्यावेत. यातून कोंबड्यांचे काडीचे नुकसान नाही आणि खर्च एका कोठीचा आहे. खुराड्याला सध्या जी षटकोनी भोकांची जाळी आहे ती कोंबडी आत ठेवते, उंदीर बाहेर ठेवत नाही. पिल्लू त्यातून सरळ जाते आणि मोठा उंदीर तार कुरतडतो. तिच्या जागी अर्ध्या इंचापेक्षा लहान चौकोनांची जाड वेल्डमेश जाळी लावावी, तीच जमिनीत फूटभर खाली नेऊन बाहेरच्या बाजूला वळवावी, नाहीतर खुराडे फूटभर उंच पायांवर घ्यावे म्हणजे खालून कुत्री-मांजरे फिरतील आणि बिळाला आडोसा राहणार नाही. अंडी संध्याकाळपर्यंत उचलावीत. हे सगळे झाल्यावर बिळे बुजवून सापळे लावले तर उंदीर हटतील, त्याआधी नाही. सामायिक भिंतीखालच्या बिळात काच-खडी घालून सिमेंट भरायला मी माझ्या बाजूने तयार आहे. खर्चाचा अर्धा वाटा मात्र भाऊंनी द्यावा. भिंत दोघांची आहे, बीळ त्यांचे आहे.

14 नंबरला लेखी नोटीस द्यावी, तिला तशीच मुदत असावी जशी धुराच्या नोटिशीला होती, आणि मुदत संपल्यावर समितीच्या दोन सभासदांनी रात्री नऊनंतर बॅटरी घेऊन माझ्या अंगणात यावे. दिवसा येऊन "काही दिसत नाही" असे लिहू नये. चहाची सोय मी करीन.

पुढील मासिक सभेत निर्णय झाला नाही तर हे पत्र सर्व जुन्या अर्जांच्या पोचेसह सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे देईन. तशी वेळ येऊ नये असे मनापासून वाटते, कारण अध्यक्षांबद्दल माझ्या मनात आदरच आहे.

कळावे,

आपला विश्वासू,
रो-हाऊस क्र. 13 (सभासद)

प्रत माहितीसाठी :
1. मा. सचिव
2. रो-हाऊस क्र. 14 (हाती दिली, पोच घेतली आहे)
3. सूचना फलक