त्या दिवशी ओढा ओलांडू दिला नाहीत, त्याबद्दल थँक्यू

दादा,

पत्र मराठीत लिहितेय. आपल्या ट्रिपची दुभाषी ताई तुम्हाला फोनवर सगळं सांगेलच, पण इकडे मला सारखं कोणी ना कोणी विचारतं की मंगोलियात रेनडियरवाल्या लोकांकडे जायचंय तर काय काय लागतं, आणि मी सांगते की बाकीचं सगळं जमतं हो, घोडेवाला तुमच्यासारखा मिळायला हवा. म्हटलं आभार मानायचेच तर सगळ्यांसमोर मानावेत.

तुमच्या पहिल्या 'नाही'पासूनच सुरुवात करते. त्सागाननूरला, म्हणजे जिथून घोड्यांवर निघालो त्या गावात, मी माझा नवा कोरा रेनकोट घालून घोड्यापाशी आले आणि तुम्ही तो माझ्या अंगावरून जवळजवळ ओढूनच काढलात. मला रागच आला होता, पाऊस येतोय आणि हे काय! मग तुम्ही तो लांब नेऊन एकदाच झटकलात आणि त्या चुरचुर आवाजाने बांधलेले घोडे कान टवकारून मागे सरले. चालत्या घोड्यावर मी तो घातला असता तर काय झालं असतं ते सांगायची गरजच नाही. त्यानंतर अंगातलं काहीही काढायचं किंवा घालायचं असलं की आधी थांबायचं, उतरायचं, हे डोक्यात फिट बसलं.

आणि मग तो ओढा. आम्ही काय, पैसे भरलेली माणसं, मोरोन शहरापासून फुरगॉनमध्ये, म्हणजे त्या रशियन व्हॅनमध्ये, हाडं खिळखिळी करून घेतलेली, बॉर्डर परमिटच्या तारखा मोजत बसलेली, त्यात पूर्व तैगातला, म्हणजे तिकडच्या जंगलातला, रेनडियरवाल्यांचा कॅम्प आज संध्याकाळपर्यंत गाठायचाच असं आपणच ठरवून टाकलेलं. आणि आमचं घोडं अडलं ते अक्षरशः. पाणी गढूळ झालं होतं पण फार काही वाटत नव्हतं. तुम्ही काहीच बोलला नाहीत, काठावर पाण्याला टेकून एक दगड ठेवलात आणि चहा टाकलात. चहा होईपर्यंत दगड दिसेनासा झाला. तरी आमच्यातले एक जण म्हणालेच की आत्ताच पटकन जाऊ या ना, अजून वाढायच्या आत, आणि तुम्ही उत्तर न देता घोड्यांचे तंग सोडायला लागलात, खोगिरं उतरवलीत, विषय संपला. मी रात्रभर तंबूत कुडकुडत तुम्हाला मनातल्या मनात बरंच काही बोलले, ते इथे लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर बघतो तर पाणी घोड्यांच्या गुडघ्याइतकं, आपण आरामात पलीकडे. बघा मी सांगत होतो असं तुम्ही चेहऱ्यानेसुद्धा म्हणाला नाहीत, आमच्याकडे असं कोणी करेल का!

त्यापुढच्या दलदलीत तर मी लगाम नावालाच धरला होता, कारण तुम्ही खुणेने सांगितलंत की घोड्याला त्याचं त्याला बघू दे. तो एकेक पाय चाचपून टाकत गेला.

कॅम्पवरचं पण लिहायला हवं. दुकानात तुम्ही आम्हाला चॉकलेटं परत ठेवून मैदा, तांदूळ, मीठ घ्यायला लावलंत, त्याची किंमत तिथे पोचल्यावर कळली. माझ्या तळहातावरचं मीठ चाटायला रेनडियर असे घुसले की मी पडायचीच बाकी होते, आणि शिंगांवरच्या त्या मऊ लवेला हात लावायला गेले तर तुम्ही लांबूनच खाकरलात. बरं केलंत. उर्त्समध्ये, म्हणजे त्यांच्या त्या वर निमुळत्या तंबूत, तुम्ही आजीबाईंशी आधी मेंढ्यांच्या, हवामानाच्या, पोरांच्या भरपूर गप्पा मारल्यात आणि आम्हाला कॅमेरे बॅगेतच ठेवायला लावलेत. म्हणूनच आजी पुढे आपणहून बोलल्या, १९४४ मध्ये तुवा, म्हणजे सीमेपलीकडचा त्यांचा मूळ मुलूख, सोव्हिएत युनियनमध्ये गेल्यावर सीमा कशी बंद होत गेली, नातेवाईक पलीकडेच कसे राहिले ते सगळं. शेजारच्या काकांनी २०११ मध्ये नॅशनल पार्क झाल्यापासून शिकारीवर आलेल्या बंदीचं गाऱ्हाणं मांडलं, कारण रेनडियर ते सहसा कापत नाहीत, दुधाला आणि ओझ्याला ठेवतात, मग मांस आणायचं कुठून? आम्ही धाडकन कॅमेरे काढून आत घुसलो असतो तर चार फोटो मिळाले असते आणि त्या दाट दुधाचा खारट चहा पिऊन परत आलो असतो, बस.

फोटोंच्या प्रिंट काढल्यात. आजींचे त्यांना विचारून काढलेले तेवढेच आहेत, ते दुभाषी ताईकडे पाठवतेय, कॅम्पवर जाल तेव्हा न्या.

आणि हो, पुढच्या उन्हाळ्यात माझी धाकटी बहीण यायचं म्हणतेय. ती माझ्यापेक्षा घाईची आहे, तेव्हा तिलाही असंच बसवून ठेवा. फक्त तो राखाडी घोडा तिला देऊ नका, तो चावतो.

तुमची,
रेनकोटवाली