वानलीची कबर

बीजिंग

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

रविवारी मिंग सम्राटांच्या कबरी पाहून आलो. तेरांपैकी उघडलेली एकच, वानली सम्राटाची. हा बाबा जिवंत असतानाच, १५८४ ते १५९० मध्ये, ती बांधून तयार होती. गेला १६२० साली! मधली तीस वर्षं दार बुजवून ठेवलेलं. नंतर वाट सापडावी म्हणून कामगारांनी एक छोटा दगड पुरून ठेवला होता: इथून १६ झांग (जुनं चिनी माप, साधारण सव्वातीन मीटर) पुढे, साडेतीन झांग खाली कबरीची भिंत. १९५६ मध्ये खणणाऱ्यांच्या हाती नेमका तोच लागला. चोरांना नाही, सरकारी माणसांना. नशीब एकेकाचं.

तुम्हाला आवडेल ते दार. संगमरवरी, एकेक फळी चार टनांची, आणि आतून अडसर. आत माणूस नसताना अडसर लावला कोणी? फळ्यांच्या मागे एक उभी शिळा, खालचं टोक जमिनीतल्या खाचेत. दार ओढून घेतलं की शिळा आपोआप कलंडून फळ्यांवर टेकते. मग बाहेरून कितीही रेटा, हलत नाही. खणणाऱ्यांनी फटीतून वाकवलेली सळई घालून ती सरळ उभी केली, तेव्हा कुठे १९५७ मध्ये दार उघडलं. मी तिथेच बराच वेळ रेंगाळलो.

आत सम्राट आणि दोन राण्या, सोन्याच्या तारेचा विणलेला मुकुट, रेशमाचे तागेच्या तागे. वू हान या इतिहासकाराने हट्टाने परवानगी मिळवली होती. एवढं सांभाळायची आपली तयारी नाही, असं श्या नाय यांच्यासारखे पुरातत्त्ववाले बजावत होते. झालं तसंच. हवा लागली आणि रेशीम कडक होऊन काळवंडलं. मूळ शवपेट्या १९५९ मध्ये टाकून दिल्या. १९६६ मध्ये रेड गार्डांनी, म्हणजे माओच्या सांस्कृतिक क्रांतीतल्या तरुण टोळ्यांनी, तिघांचेही सांगाडे बाहेर ओढून जाळले. वू हानही १९६९ मध्ये तुरुंगातच वारले. त्यानंतर सम्राटांच्या कबरी मुद्दाम उघडायच्या नाहीत असंच धोरण ठरलं. मातीच्या सैन्यवाल्या चिन शी हुआंगची, म्हणजे चीनच्या पहिल्या सम्राटाची, कबरही अजून बंदच आहे, आणि मला ते पटतं.

सध्या तळघरात लाल रंगाच्या नकली पेट्या आहेत. त्यांच्यावरही लोक नोटा उधळतात.

आईला सांगा, पुढच्या आठवड्यात फोन करतो. गुडघ्याचं तेल चोळतेय ना ती?

तुमचा,
बाळू