जॉन डीकन यांस, साथीबद्दल आभार

आदरणीय श्री. जॉन डीकन यांस,

स. न. वि. वि.

हे पत्र आपल्या हाती पडेल अशा अपेक्षेने लिहिलेले नाही. आपण ज्याचे बासवादक होता त्या क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचा समावेश २००१ साली अमेरिकेतल्या रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम या सन्मानयादीत झाला, त्या सोहळ्यालाही आपण गेला नाहीत. तिथे पुण्यातल्या एका हौशी बासवादकाच्या, म्हणजे खर्जातले स्वर देणारी बास गिटार वाजवणाऱ्याच्या, मराठी पत्राची काय कथा! आपल्या एकांतात डोकावण्याचा माझा हेतू नाही. पण ज्यांच्या वाजवण्याचे बोट धरून मी इतकी वर्षे चाललो, त्यांचे ऋण मनातल्या मनात ठेवणे बरे वाटेना, म्हणून हा उघड पत्रप्रपंच.

आमच्याकडे क्वीनचा विषय निघाला की गाडी पाचगणीच्या घाटातच अडकते. क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे तेव्हाचा फारुख बलसारा, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला, तिथल्या द हेक्टिक्स या शाळकरी बँडमध्ये पियानो वाजवत असे, ही गोष्ट कुठल्या ना कुठल्या पुरवणीत पुन्हा पुन्हा छापून येते आणि आम्हीही ती दर वेळी नव्या अभिमानाने वाचतो. त्यात गैर काही नाही. मात्र त्या आवाजाला वीस वर्षे पक्की बैठक देणाऱ्या माणसाबद्दल माझ्या वाचनात मराठीत चार ओळीही आल्या नव्हत्या.

मी बासकडे वळलो तो आवडीने नव्हे, उरलो म्हणून. १९९६ साली आमच्या इलेक्ट्रॉनिक्स डिप्लोमाच्या वर्गातल्या पाच जणांनी बँड काढला, गिटारवाले आधीच दोन होते, आणि बास कोणालाच नको होता. त्या वर्षीच्या एका स्नेहसंमेलनात ध्वनिव्यवस्था पाहणाऱ्याने माझी वायर मिक्सरला जोडलीच नाही. मी तीन गाणी जीव तोडून वाजवली आणि ती कोणालाही ऐकू आली नाहीत. खाली उतरल्यावर मित्र म्हणाला, "आज सगळे हवेत तरंगल्यासारखे का वाटत होते रे?" त्या प्रश्नातच बासची खरी किंमत दडलेली होती, पण मी चिडलो आणि महिनाभर गिटार खुंटीला टांगून ठेवली.

ती खाली उतरवली आपण. मामाने लंडनहून 'ग्रेटेस्ट हिट्स' या १९८१ च्या संग्रहाची कॅसेट आणली होती. पहिले गाणे 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'. ते संपून दुसरे सुरू झाले आणि मी ताठ बसलो. 'अनदर वन बाइट्स द डस्ट'. बासचा एकच स्वर तीनदा, टाळी दिल्यासारखा स्वच्छ, आणि मग मोकळी जागा. त्या जागेत आपण काहीही वाजवलेले नाही. माझ्यासारखा शिकाऊ तिथे हमखास दोन-चार स्वर कोंबतो. तबल्याच्या साथीला बसणारे आमचे एक शेजारी म्हणत की हात किती चालतो हे कोणीही दाखवील, हात कुठे थांबतो ते दाखव. त्यांचे म्हणणे मला त्या कॅसेटवर पहिल्यांदा समजले. पुढे कळले की ती चाल, ते शब्द आणि त्यातली बरीचशी गिटारही आपलीच होती, आणि हे गाणे वेगळे काढून बाजारात आणा, असे मायकल जॅक्सनने सुचवले होते. १९८० च्या ऑक्टोबरात ते अमेरिकेत तीन आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. रॉक बँडने नाचाच्या ठेक्याला हात घालावा का, यावर तेव्हा बरेच नाक मुरडले गेले. मला विचाराल तर त्या तीन स्वरांत क्वीनने घेतलेला धोका त्यांच्या सगळ्या भव्य गाण्यांपेक्षा मोठा होता.

त्यानंतर मी आपल्याविषयी मिळेल ते वाचू लागलो, आणि ओळख पटत गेली. आपणही लेस्टरच्या द ऑपोझिशन या बँडमध्ये आधी गिटार वाजवत होता आणि मग बासकडे वळलात. लंडनच्या चेल्सी कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकायला आलात आणि १९७१ मध्ये प्रथम श्रेणीत पदवी मिळवलीत. त्याच वर्षी क्वीनमध्ये दाखल झालात, आधीचे तीन बासवादक टिकले नव्हते म्हणून. चौघांत वयाने सर्वांत लहान आपणच. १९७३ च्या पहिल्या अल्बमवर आपले नाव उलटे करून 'डीकन जॉन' असे छापले गेले. आपण पुढच्या अल्बमपासून ते सरळ करून घेतलेत. अबोल माणसाने नावापुरता तरी हट्ट धरला, याचे मला फार बरे वाटते.

पण आभार मानायचे मुख्य कारण एक लहानशी पेटी आहे, गिटारीचा आवाज मोठा करणारा अँप्लिफायर. १९७२ च्या सुमारास लंडनच्या रस्त्यावर कचऱ्यात टाकलेली एक सर्किटची पट्टी आपण उचललीत, एका जुन्या स्पीकरच्या खोक्यात बसवलीत आणि तिला नऊ व्होल्टची बॅटरी जोडलीत. आवाज कमी-जास्त करायला तिला एकही खटका नव्हता. क्वीनचे गिटारवादक ब्रायन मे यांनी ती आपल्याकडून घेतली आणि 'गुड कंपनी' या गाण्यात त्याच पेटीतून गिटारीची अख्खी जॅझ मंडळी उभी केली. आज ती 'डीकी अँप' म्हणून ओळखली जाते. हे वाचले त्याच्या पुढच्या रविवारी मी जुन्या बाजारात गेलो, मोडका ट्रान्झिस्टर रेडिओ चाळीस रुपयांना घासाघीस करून घेतला, त्यातली पट्टी सोडवली आणि घरातल्या बंद पडलेल्या स्पीकरच्या पेटीत बसवली. पहिल्यांदा जोडली तेव्हा धूर निघाला. दुसऱ्यांदा घोगरा, किंचित फाटलेला आवाज आला, आणि आई स्वयंपाकघरातून विचारत आली की कोण खोकते आहे. नवा अँप्लिफायर घेण्याची ऐपत नव्हती. त्या पेटीवर मी तीन वर्षे सराव केला.

गाणी लिहिण्याचे धैर्यही आपल्याकडूनच आले. मला गाता येत नाही. आपणही आपली गाणी स्वतः गायली नाहीत, ती फ्रेडीच्या गळ्यासाठी लिहिलीत. १९७४ चे 'मिसफायर' हे आपले एकट्याचे पहिले गाणे; पुढच्याच वर्षी 'यू आर माय बेस्ट फ्रेंड' आले, ते पत्नीसाठी लिहिलेले. त्यातला इलेक्ट्रिक पियानो फ्रेडीला पसंत नव्हता, तर आपण तो स्वतः शिकून वाजवलात. भांडण नाही, रुसवा नाही, सरळ वाद्य शिकणे! 'स्प्रेड युवर विंग्ज' आणि 'आय वाँट टू ब्रेक फ्री' या आपल्या गाण्यांबद्दल इतरांनी भरपूर लिहिले आहे, मी भर घालत नाही. इतकेच सांगतो की आमच्या बँडची चार गाणी माझ्या हातची आहेत आणि ती चारही दुसऱ्याच्या गळ्यात शोभतात.

१३ जुलै १९८५ च्या लाइव्ह एड या मदतनिधीच्या मैफलीच्या चित्रफितीत सगळे फ्रेडीकडे पाहतात. मी आपल्या डाव्या हाताकडे पाहत आलो आहे. १९९१ च्या नोव्हेंबरात फ्रेडी गेले, १९९२ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर त्यांच्या स्मरणार्थ मैफल झाली, १९९७ च्या जानेवारीत पॅरिसला आपण अखेरचे मंचावर उभे राहिलात आणि त्याच वर्षी क्वीनसाठी एक शेवटचे गाणे ध्वनिमुद्रित करून थांबलात. आपल्या दोन सहकाऱ्यांनी पुढे नवे गायक घेऊन दौरे केले, तो त्यांचा अधिकार. ज्या गळ्यासाठी आपण लिहीत होता तो उरला नाही, तेव्हा आपण वाद्य खाली ठेवलेत, असे मी समजतो. समजण्यात चूक असेल तर क्षमा असावी.

गेल्या महिन्यात आमच्या सरावाला एक अठरा वर्षांचा मुलगा बास घेऊन आला. त्या तीन स्वरांनंतरच्या जागेत त्याने चार स्वर भरले. मी त्याला काही बोललो नाही, माझी ती जुनी पेटी काढून दिली, जुन्या बाजारातल्या पट्टीची. बॅटरी संपली होती, म्हणून खाली जाऊन नवी आणली.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
पुण्याचा एक बासवादक