शाळांना सवलत आहे, पण मुलांची माहिती जपण्यातून नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३चा. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये अधिसूचित झाले आणि त्यातल्या बहुतेक जबाबदाऱ्या १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७पासून, लागू होतील. तेवढ्यात ‘शाळांना यातून सूट आहे’ असा समज शिक्षक आणि कार्यालयीन कर्मचाऱ्यांमध्ये पसरू लागला आहे. तो अर्धवट आहे. त्याची किंमत मुलांना मोजावी लागेल म्हणून हे पत्र.

या कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येक जण मूल आहे. त्याची माहिती वापरण्याआधी पालकांची पडताळता येईल अशी संमती घ्यायची आणि मुलांवर पाळत ठेवायची नाही, असे कलम ९ सांगते. शाळांना सवलत आहे ती या दोन अटींपुरती, आणि तीही फक्त शैक्षणिक कामासाठी आणि मुलांच्या सुरक्षिततेसाठी लागेल तेवढ्या नोंदींपुरती. हजेरी, गुणनोंद, बसचा माग यांत बसते. दहावीची यादी खासगी क्लासला देणे किंवा प्रवेशाच्या जाहिरातीत मुलीचा नाव-वर्गासह फोटो छापणे यांत बसत नाही. माहिती सुरक्षित ठेवणे, फुटली तर कळवणे, काम संपल्यावर ती पुसणे यांतली एकही गोष्ट शाळेला माफ नाही. सुरक्षेत कसूर झाल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. तो संस्थेवर बसतो, लिपिकावर नाही. चूक मात्र बहुधा रोजच्या घाईच्या कामात होते.

एक्सेलमधली ‘मास्टर’ यादी घ्या. नाव, जन्मतारीख, आधार क्रमांक, जात, बँक खाते, आईचा मोबाइल, आजार असे सगळे एकाच फाइलमध्ये असते. सहलीसाठी नावे हवी म्हणून नको असलेले रकाने लपवून तीच फाइल पुढे पाठवली जाते. लपवलेला रकाना ज्याला फाइल मिळाली तो दोन क्लिकमध्ये उघडतो. आधार क्रमांकावर काळी पट्टी ओढलेल्या पीडीएफचेही तसेच, पट्टीखालचा मजकूर अनेकदा निवडून कॉपी करता येतो. लागतील तेवढेच रकाने नव्या कोऱ्या फाइलमध्ये घ्यावेत आणि ती फाइल पाठवण्यापूर्वी दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. आधारची प्रत लागलीच तर फक्त शेवटचे चार अंक दाखवणारे ‘मास्क्ड आधार’ मागावे. आधार क्रमांक सूचनाफलकावर किंवा ग्रुपवर टाकायला आधार कायद्याचीही मनाई आहे, हे शिष्यवृत्तीच्या याद्या लावताना हमखास विसरले जाते.

गूगल शीटची लिंक ‘लिंक असलेल्या कोणालाही’ उघडेल अशी ठेवणे ही दुसरी नेहमीची चूक. अशी लिंक एका पालकाकडून नातेवाइकांच्या ग्रुपवर गेली की ती कोण पाहते आहे याचा पत्ता लागत नाही. प्रवेश नाव घालूनच द्यावा आणि काम झाले की त्याच दिवशी काढावा. गूगल फॉर्ममध्ये उत्तरांचा सारांश भरणाऱ्यांना दिसण्याची सोय असते. ती बंद नसेल तर एका मुलाचा आजार सगळ्या वर्गाच्या पालकांना वाचता येतो.

वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर प्रत्येक पालकाचा नंबर बाकी सर्वांना दिसतो. व्हॉट्सॲपच्याच ‘कम्युनिटी’ या सोयीतल्या घोषणा-ग्रुपमध्ये पालकांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत, म्हणून सूचनांसाठी तोच वापरावा. गुण, थकीत फी, आजार, वर्तनाची तक्रार हे त्या-त्या पालकालाच कळवावे. ‘सर्वांसाठी डिलीट’ केल्याने गॅलरीत उतरलेला फोटो पुसला जाईलच असे नाही.

फोनवर येणारी विचारणा सर्वांत धोक्याची असते. ‘मी काका बोलतोय, बस किती वाजता सुटते?’ एवढ्यावर उत्तर देऊ नये. फोन ठेवावा आणि शाळेच्या नोंदीत असलेल्या पालकांच्या नंबरवर आपण फोन करावा. आईवडिलांमध्ये ताब्याचा वाद असेल तिथे पत्ता किंवा सुटीची वेळ कोणाला सांगायची, हे मुख्याध्यापकांनी न्यायालयाचा आदेश पाहून लेखी ठरवलेले असावे. फोन घेणाऱ्यावर तो निर्णय टाकू नये.

हजेरी-फीचे ॲप बाहेरच्या कंपनीचे असले तरी जबाबदारी शाळेचीच राहते. करारात तीन गोष्टी स्पष्ट हव्यात: माहिती कोठे साठते, दुसऱ्या कशासाठी वापरली जाते का, आणि करार संपल्यावर ती किती दिवसांत पुसली जाईल. शाळा सोडून गेलेल्या शिक्षकाचे लॉगिन त्याच दिवशी बंद करावे. सगळ्या कार्यालयाचा एकच पासवर्ड असेल तर यादी कोणी उतरवून घेतली हे नंतर कधीच सांगता येत नाही.

आणि माहिती फुटलीच तर? घाबरून काहीही पुसू नये. आधी लिंक बंद करावी, पासवर्ड बदलावा. मग काय गेले, किती मुलांचे, कोणाकडे, किती वाजता हे लिहून त्याच दिवशी मुख्याध्यापकांना द्यावे. पालकांना आणि या कायद्याखालच्या डेटा संरक्षण मंडळाला विलंब न करता कळवायचे आहे. मंडळाला सविस्तर अहवाल ७२ तासांत द्यावा लागतो आणि हे तास घटना कळल्यापासून मोजले जातात. ज्या शाळेत चूक सांगणाऱ्यालाच नोटीस मिळते, तिथे कर्मचारी गप्प बसतात आणि हे तास तसेच निघून जातात.

शिक्षक हे सगळे स्वतःच्या मोबाइलवर, स्वतःच्या ईमेलवरून करत आहेत, ही आमची खरी तक्रार आहे. त्यांच्या फोनमध्ये शेकडो मुलांचे फोटो आणि दाखले पडून आहेत आणि ते कधी पुसायचे हे त्यांना कोणीच सांगितलेले नाही. संस्थाचालकांनी प्रत्येकाला शाळेचा ईमेल आणि कार्यालयाला शाळेचा फोन द्यावा. कोणती नोंद किती वर्षे ठेवायची याचा एक पानी तक्ता लावावा. जनरल रजिस्टर, म्हणजे प्रवेशांची मूळ नोंदवही, कायम राहील, पण सहलीच्या संमतीपत्रासोबतची वैद्यकीय माहिती सहल संपल्यावर कशाला हवी? शंका आली तर कोणाला विचारायचे त्या एका व्यक्तीचे नाव पुढच्या प्रवेशांपूर्वी प्रत्येक शाळेने जाहीर करावे आणि शिक्षण विभागाने तपासणीच्या वेळी ते विचारावे.

आपले,
शालेय माहिती-व्यवस्थापनाचे काम करणारे काही वाचक